मधला गेला

"बघ रे उदय, टोन आहे ना?" मुकादमचाचांनी पुन्हा विचारलं.

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. घुरघुरत होता. "आहे हो, आहे," म्हणत मी तो अलगद जागेवर ठेवला, जोरात ठेवला तर जाईल त्याचा जीव, अशा भीतीनं. आदल्या दिवसापासून मी तो किती वेळा उचलला असेन, देव जाणे. मी मुळातच काळजीखोर. आई म्हणायची, याला काळजी करायला काही नसलं तर शेजाऱ्याची मागून आणतो. त्या दिवशी मात्र मागून आणायची गरज नव्हती.

दापोलीच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल यायच्या खूप आधीची गोष्ट सांगतोय. रविवारची सकाळ होती, आम्ही तिघं बसलो होतो आणि तिघांचे कान त्या काळ्या फोनकडे होते. हर्णैच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, कुणाच्या तरी कुदळीनं केबलला दणका दिला होता. हर्णैकडचा फोन लागला तर लागला, आणि लागला तरी बोलता बोलता तुटायचा. आणि भास्कर तांडेल राहायचा नेमका हर्णैला.

भास्कर म्हणजे आमच्या अड्ड्यातला चौथा. दापोलीच्या शाळेत गणित शिकवायचा. घराणं मच्छीमारांचं, बाप-चुलते बोटीवर, हा एकटाच खडू हातात घेतलेला. रोज पहिल्या एस्टीनं यायचा आणि शाळा भरेपर्यंत माझ्याकडे बसायचा. मग आम्ही चौघं मिळून 'दैनिक पूर्वरंग'मधलं गूढ शब्दकोडं फोडायचो. साधं शब्दकोडं नव्हे हं. 'पाण्याला समानार्थी शब्द' असलं पोराबाळांचं काम नव्हतं ते. 'चकवा' या नावानं कुणीतरी ते रचायचं, आणि नावाप्रमाणे माणसाला रानभर फिरवायचं. वाक्य दिसायला सरळ, पण अर्धं वाक्य अर्थ सांगायचं आणि अर्ध्यात अक्षरांचा खेळ. 'राज उलटलं, म्हातारपण आलं.' आता यात राजकारण शोधत बसलात की गेलात. राज ही अक्षरं उलटी लिहा, जरा. जरा म्हणजे म्हातारपण. संपलं!

या खेळाची चटक लागली की माणूस कामातून जातो. आम्ही गेलोच होतो. पाटीवरचं नाव वाचलं तरी उलटं वाचायचो, जेवणावळीत मीठ मागायचं तरी कोडं घालून मागायचो.

भास्करच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हाची गोष्ट. रमावहिनी सुरमईची तुकडी वाढत होत्या आणि हा गृहस्थ आम्हाला विचारतो, "बायको उलटली की मिळतो. अक्षरं दोन. सांगा."

आम्ही एका दमात ओरडलो, "मार!" कारण रमा उलटी केली की मार.

"आता खराच मिळेल हं," वहिनी हातातला डाव उगारून म्हणाल्या. तेव्हापासून तो आमचा घरचा विनोद होऊन बसला. भास्कर उशिरा आला की चाचा विचारायचे, "काय मास्तर, रमा उलटली वाटतं?"

त्याच रमावहिनींना आता आठवा महिना होता. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेलेली, नवस-उपास, डॉक्टर, सगळं झालेलं, आणि आता कुठे देवानं ऐकलं होतं. पण पाय सुजत होते, रक्तदाब चढत होता. दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी सोमवारी दाखल व्हायला सांगितलं होतं. त्याआधी डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर जराही वेळ न घालवता आणा, म्हणाल्या होत्या. हर्णैला त्यांच्या वाडीत गाडी नव्हती. फोन होता तो मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत. गाडी होती आमच्या मुकादमचाचांची, आंब्याच्या धंद्यातली पांढरी मारुती व्हॅन. ती शनिवारपासून स्टुडिओसमोर हर्णैकडे तोंड करून उभी होती. टाकी भरलेली. चाचा किल्ली खिशात घेऊन झोपायला गेले होते.

"भास्करचा फोन आला की काय बोलायचं, ते ठरलंय ना?" मी विचारलं.

"गाडी. एक शब्द," सुर्वेमास्तर म्हणाले.

सुर्वे म्हणजे तारमास्तर. उभी नोकरी तारखात्यात गेली. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून लोकांनी लिहून आणलेला मजकूर हे कात्री लावून आखूड करून द्यायचे. निवृत्त झाले तरी कात्री जिभेवर राहिली. घरून निघताना बायकोला सांगायचे, "निघालो. स्टुडिओ. जेवायला परत." 'गाडी' हा एकच शब्द ठरवला तोही त्यांनीच. म्हणाले, लाइन तुटली तरी एक शब्द पोचतो.

"फोन नाही म्हणजे सगळं ठीकच असणार," चाचा म्हणाले. "चल, काढ ते कोडं. नुसतं बसून माझं डोकं फुटेल."

खरं तर कुणाचंच मन नव्हतं. पण रिकाम्या हातापेक्षा हातात पेन बरं.

"'लहानाच्या पोटात गवा शिरला, उत्तम लाकूड झालं,'" मी वाचलं. "चार अक्षरं."

"लहान म्हणजे सान," चाचांनी डोळे मिटून सांगितलं. "सान-थोर म्हणतात ना, त्यातला. सानच्या पोटात गवा घाल. सा, गवा, न. सागवान!"

"वा चाचा!"

"अरे, आठवलं," चाचा एकदम खुलले. "भास्करनं खाट करायला टाकलीय, सागवानाचीच. गोविंद सुताराकडे. ही एवढी रुंद! मी म्हटलं, कशाला रे एवढी, बोट बांधतोस की काय? तर म्हणतो, आता आम्ही तिघं ना चाचा. मधला लोळेल, त्याला जागा नको?"

आम्ही हसलो. माझा हात आपसूक फोनकडे गेला. टोन होता.

कोडं हळूहळू भरत आलं. एक सूत्र तेवढं अडून बसलं. 'मधला गेला तरी कोळ्याने हा सोडला नाही.' दोन अक्षरं, दुसरं अक्षर र.

"भास्कर हवा होता," मी म्हणालो. "कोळ्याचं आहे, त्यानं झटक्यात सोडवलं असतं."

"कोळी म्हणजे जाळं विणणाराही असतो हं," चाचा म्हणाले. "भिंतीवरचा. चकवा काय, कुठेही नेईल."

एका लग्नाचे फोटो मला संध्याकाळी द्यायचे होते. मी म्हटलं, तुम्ही बसा डोकं खाजवत, आणि डार्करूममध्ये शिरलो. चाचा बाहेर जाऊन व्हॅनच्या टायरांवर लाथा मारून हवा बघत होते. दुकानात फोनजवळ एकटे मास्तर.

आत लाल दिवा लावून मी कागद औषधाच्या पाण्यात सोडला, नवरीचं तोंड हळूहळू उमटायला लागलं, आणि बाहेर फोन खणखणला. दार उघडलं असतं तर सगळे कागद काळे पडले असते. मी दाराला कान लावला.

"हॅलो! हॅलो! मोठ्यानं बोल! कोण, भास्कर?" मास्तर ओरडत होते. "काय? काय? हॅलो! ... गेला."

"काय झालं मास्तर?" मी आतून ओरडलो. "गाडी म्हणाला?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग हसू. मास्तर हसत होते! मास्तरांचं हसू वर्षातून एखाद्या वेळी ऐकायला मिळायचं.

"नाही! गाडी नाही!" ते दाराशी येऊन म्हणाले. "रमा उलटी! रमा उलटी म्हणाला!"

"म्हणजे मार?"

"मार! दुसरं अक्षर र! घरी बसून सोडवलं पोरानं!"

मी तिथल्या तिथे स्टुलावर बसलो. त्याच्याकडेही 'पूर्वरंग' येत असणार, सोसायटीच्या कचेरीत. बायको आठव्या महिन्याची, दाब चढलेला, आणि हा खुशाल कोड्यातलं अडलेलं उत्तर फोनवर कळवतोय, तेही आमच्याच विनोदातून! शिव्या द्याव्या की पाया पडावं? पण कोडी सुचतायत म्हणजे घरी सगळं ठीक असणार. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर चाचांचा आवाज आला. "शुक्र अल्लाचं! अरे, चहा सांगा रे कुणी! भजी पण सांगा!"

फोटो धुऊन, टांगून मी बाहेर आलो, तोवर चहा आला होता. मास्तरांनी चौकोनांत ठसठशीत अक्षरांत 'मार' लिहून टाकलं होतं.

"जमतंय बरोबर," ते म्हणाले. "कोळी म्हणजे मासेमार. मधले काढा. पहिला मा, शेवटचा र. मार. कोळ्यानं मारणं सोडलं नाही. चोख."

"हे झकास आहे," चाचा भजी मोडत म्हणाले. "पोरगा हुशार!"

मी चहाचा घोट घेतला आणि सवयीनं सूत्र पुन्हा वाचलं. चकव्याची एक गोष्ट होती. तो फसवायचा, पण लबाडी करायचा नाही. एक अक्षर फुकट वापरायचा नाही. भास्कर तर याबाबतीत त्याच्याही वरचा कडक. आम्ही कधी ओढूनताणून उत्तर बसवलं की म्हणायचा, "सूत्रातला काना-मात्रासुद्धा कामाला लागला पाहिजे. एक जरी उरला, तर उत्तर चुकलंय."

"मास्तर," मी म्हणालो, "मासेमारमधून दोन अक्षरं जातात. सेमा. इथे 'मधला गेला' म्हटलंय. 'मधले गेले' नाही."

"चालतं एवढं."

"भास्करला नाही चालत."

"आता तूच त्याला शिकव गणित!" चाचा हसले.

मी पुन्हा वाचलं. मोठ्यानं. "मधला गेला. मधला गेला..." आणि भास्करच्या खाटेवरचा तो 'मधला' तोंडातल्या तोंडात असा काही घोळला, की माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

"मास्तर, भास्कर काय म्हणाला?"

"सांगितलं की. रमा उलटी."

"तसं नाही. जसंच्या तसं सांगा. प्रत्येक अक्षर."

"खरखर होती फार. म्हणाला, मास्तर, रमाला उलटी. मग कट."

"रमाला?"

"हो. रमाला उलटी."

"मग मघाशी रमा उलटी का म्हणालात?"

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. "ला... तो ला नको होता. फालतू. मी काढला." आणि मग त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. उभ्या जन्मात हजारो तारांमधून त्यांनी असे ला, ना, चा, ची काढून टाकले असतील. लोकांचे पैसे वाचवले असतील. "उदय, मी ला काढला रे."

कोडं घालायचं असतं तर भास्कर मेला तरी तिथे 'ला' बोलला नसता. रमाला हे उलटं केलं तर लामार होतं. त्याला काही अर्थ नाही. भास्कर कोडं घालत नव्हता. सरळ मराठीत सांगत होता की रमाला उलटी होतेय, आणि 'गाडी' म्हणायच्या आत लाइन गेली होती.

मी फोन उचलला. टोन नव्हता. डबडं मेलं होतं.

"समजा, चूक निघाली..." मी चाचरत म्हणालो. एका 'ला'वर सगळ्यांना पळवायचं म्हणजे!

चाचा उठले होते. हातातली भजी त्यांनी परत कागदावर टाकली. "चूक निघाली तर रमा जेवायला वाढील. चल!"

दुकान उघडं टाकून आम्ही पळालो. मास्तर मागच्या सीटवर, हातात तसाच तो पेपर. चाचा आंब्याच्या पेट्या नेताना गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पुढे जात. त्या दिवशी आसूदच्या वळणांवर मी डोळे मिटून घेतले. मागून मास्तरांचं सारखं पुटपुटणं चालू होतं, "ला होता. ला म्हणाला होता." चाचांनी शेवटी खेकसून त्यांना गप्प केलं. मी मनात हिशेब करत होतो, फोन कधी आला, मी डार्करूममध्ये किती वेळ होतो, चहा यायला किती वेळ लागला. त्या चहाची चव अजून जिभेवर होती.

वाडीच्या तोंडाशीच भास्कर दिसला. रस्त्यावर मधोमध उभा होता, दोन्ही हात पसरून. येईल ती गाडी अडवायला. कडेला बाजेवर रमावहिनी, भोवती चार बायका. डोकं धरून कण्हत होत्या. "दिसत नाही हो मला, काही दिसत नाही," एवढंच म्हणत होत्या. भास्करनं आम्हाला पाहिलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. उशीर का झाला, एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सगळ्यांनी मिळून त्यांना मागे निजवलं. अर्ध्या वाटेत त्यांना झटका आला. दात आवळले, हातपाय ताठ. भास्कर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, "रमा, रमा, अगं रमा," करत होता. मास्तर पेपरानं वारा घालत होते, थांबतच नव्हते. मी पुढच्या सीटवरून मागे वळून वहिनींचा पाय धरून बसलो होतो. कशाला धरला होता, मलाही माहीत नाही. काहीतरी धरायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी आत घेतलं. दार लागलं आणि आम्ही चौघं बाकावर. भास्कर शर्टाच्या बाहीला तोंड पुसत होता, पुन्हा पुन्हा त्याच बाहीला. चाचांच्या हातात जपमाळ होती, मणी सरकत होते. ऊन दारातून आत आलं, पायांपर्यंत आलं आणि सरकून गेलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा भास्कर उभा राहिला. आम्ही पण.

"आज आणलंत म्हणून," त्या म्हणाल्या. "आणखी थोडा उशीर झाला असता तर तुमची बायको हाती लागली नसती. दाब उतरतोय. अजून शुद्ध नाही, पण मला वाटतं येतील."

"आणि..." भास्कर म्हणाला.

बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "बाळाचे ठोके तुम्ही यायच्या आधीच थांबले होते, तांडेल. आजचं नाही हे. काल रात्रीच कधीतरी. मुलगा होता."

भास्कर मान हलवत राहिला. मग सावकाश म्हणाला, "काल रात्रीपासून हलला नव्हता. रमा म्हणाली, झोपला असेल. मी म्हटलं, झोपू दे." आणि बसला.

चाचा भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. माझं तर केव्हाच सुरू झालं होतं. मास्तर तेवढे कोरडे. त्यांनी पेपराची सुरळी दोन्ही हातांत घट्ट धरली होती, तिचा पार चोथा व्हायची वेळ आली होती. भास्करनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, फाडून टाकतोय. पण त्यानं ती मांडीवर उलगडली, हातानं सारखी केली. बराच वेळ बघत होता.

"मार कुणी लिहिलंय?"

मास्तर वर्गातल्या पोरासारखे उभे राहिले. "मी."

"मासेमारवरून?"

"हो."

"दोन अक्षरं जातात त्यात. चकवा असं करणार नाही." त्याचा आवाज फळ्यापुढे असतो तसा सरळ होता. "मधला गेला म्हटलंय. म्हणजे एकच. कोळी म्हणजे धीवर, मास्तर. धी, व, र. त्यातला मधला..."

पुढे त्याला बोलता येईना. उत्तर आम्हा तिघांनाही आलं होतं, पण ते तोंडातून काढायची कुणाची छाती झाली नाही. त्यानं माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि 'मा'वर गिरवायला लागला. गिरवून गिरवून त्याचं 'धी' केलं. घामानं कागद ओला झालेला, तिथे भोक पडलं. मग तो ओणवा होऊन रडला. आवाज न करता, पाठ गदागदा हलत होती. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

आतून नर्स आली. "तांडेल कोण? बाई शुद्धीवर आल्यात. बाळ कुठंय विचारतायत. आम्ही काही बोललो नाही. तुम्हीच या."

भास्करनं डोळे पुसले. उठला, दाराशी गेला आणि परत फिरला. इतका घाबरलेला माणूस मी आजतागायत पाहिला नाही. मघाशी रस्त्यावर हात पसरून उभा होता तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "उभा जन्म तुम्ही लोकांना अशा बातम्या पोचवल्यात. मी काय सांगू तिला? थोडक्यात कसं सांगतात हे?"

सुर्वेमास्तरांनी त्याचे दोन्ही हात धरले. आणि त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं ते बोलले.

"थोडक्यात नको सांगूस, भास्करा. तार मिळाली की लोक कागद उलटून मागे बघायचे रे, आणखी काही लिहिलंय का म्हणून. मी डोळ्यांनी बघितलंय. मागे काही नसायचं, मीच काढून टाकलेलं असायचं. तिला पुरं सांग. कधी गेला, बाई काय म्हणाल्या, कसा दिसतो, तुला काय वाटतंय, सगळं सांग. एक अक्षरसुद्धा गाळू नकोस."

भास्कर आत गेला. दार पुरतं लागलं नाही. "रमा," तो म्हणाला, आणि मग सावकाश बोलत राहिला. मध्ये वहिनींचा हंबरडा आला. तो थांबला नाही. त्यांच्या रडण्याखालून त्याचा आवाज येत होता, येतच होता. मास्तरांची बोटं सवयीनं गुडघ्यावर एकेक शब्द मोजत होती. थोड्या वेळानं ती थांबली.

त्यानंतर फोनवरून कोडं घालायचं नाही, असा दंडक आम्ही घालून घेतला. पुढे कित्येक वर्षं कोडी सोडवली. चाचा गेले, मास्तर गेले, 'पूर्वरंग' बंद पडला, तरी तो दंडक मी नि भास्कर अजून पाळतो.

आणखी एक सांगायचं राहिलं, ती खाट. वहिनी घरी आल्यावर काही दिवसांनी ती तयार झाली. चाचांच्या व्हॅनवर बांधून मी, चाचा, मास्तर आणि गोविंद सुतार ती हर्णैला घेऊन गेलो. ओटीवर उतरवली, तर अर्धी ओटी भरली. रमावहिनी दारात उभ्या होत्या, नुसती हाडं राहिली होती त्यांची. गोविंदला कुणीतरी सांगितलं असावं, बिचारा खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, ही मधली फळी काढता येते. काढली की दोघांपुरती होईल. आत्ता लगेच करून देतो, पटाशी आणलीय."

भास्करनं काही म्हणायच्या आत त्या पुढे आल्या. मधल्या फळीवरून हात फिरवला, वरची धूळ पदरानं पुसली.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे मधली. लागेल."

आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.